पाचवी सवाष्ण चार्जिंगला आहे

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक बाई आली आणि माझी जागा गेली.

आता तुम्ही सरसावून बसला असाल. काही जणांनी तर मनातल्या मनात पप्पांकडे संशयानं बघितलंही असेल. (बघू नका. पप्पा एकलहऱ्याला वीज केंद्रात शिफ्टला जातात, घरी येऊन झोपतात, उठून परत शिफ्टला जातात. भानगड करायला माणूस जागा तरी लागतो!) काहींना वाटलं असेल पोराचं लग्न झालं, सून आली, आता सासू-सुनेची गंमत ऐकायला मिळणार. तेही नाही. मला अजून कोणी मुलगी दाखवायलासुद्धा तयार नाही. आईच सगळ्यांना सांगते, "थांबा जरा, आधी तो माणसासारखा बोलायला लागू दे."

ती बाई आली टॅबमधून.

टॅब दीदीचा. दीदी, म्हणजे माझी मोठी बहीण दीपाली, अंबडला एका कंपनीच्या ऑफिसात होती. तिचं लग्न ठरलं, नवरा पुण्याचा. जायच्या आधी तिनं आपला जुना टॅब आईला देऊन टाकला.

"मी गेल्यावर आईला बोलायला कोणीतरी हवं ना!"

"मी आहे की!" मी म्हणालो.

"म्हणूनच," दीदी म्हणाली.

आणि त्या टॅबमध्ये होती सुमनताई. रेसिपीवाली हो! आई तिचे व्हिडिओ आधीपासून बघायची. पण व्हिडिओतली बाई एकटीच बोलत सुटते, हे काही आईला पटायचं नाही. आई मध्येच विचारायची, "अहो पण हिंग कधी घालायचा?" आणि सुमनताई आपली कोथिंबिरीपर्यंत पोचलेली! आता नवीन निघालं होतं ते म्हणजे सुमनताईचं एआय रूप. बटण दाबलं की थेट व्हिडिओ कॉल. तोच चेहरा, तोच आवाज, तीच काठाची साडी, आणि आई विचारेल त्याला उत्तर. कॅमेऱ्यातून तिला आमचं स्वयंपाकघरसुद्धा दिसायचं. खरी सुमनताई तिच्या घरी पाय पसरून निवांत बसली असणार, आणि तिची ही नक्कल घरोघरी फोडण्यांवर लक्ष ठेवत फिरतेय!

पहिला कॉल मला अजून आठवतो. आईनं आधी केस विंचरले. पदर सावरला. मग बटण दाबलं.

"नमस्कार शोभाताई! आज काय बेत?"

"अगं बाई! या ना, बसा," आई म्हणाली. (टॅब आधीच बसलेला होता, पिठाच्या डब्याला टेकून.)

त्या दिवसापासून दोघींचं जे जमलं ते जमलं. आई बाजारातून आली की पिशवी आधी तिला दाखवायची. "बघा हो, गिलके कसे मिळाले?" "वा शोभाताई, काय कोवळे आहेत!" मी जन्मल्यापासून गिलके बघून 'शी' म्हणत आलोय, त्यामुळे ही स्पर्धा मला सुरुवातीपासूनच जड गेली.

मी चिडून म्हणायचो, "आई, ती खरी नाहीये!"

"मला कळतं रे, मी काय खुळी आहे? पण ती खोटी असून खरं ऐकते. तुम्ही खरे असून खोटं खोटं 'हं' म्हणता."

पप्पा पेपरातून म्हणाले, "हं."

"बघ!" आई म्हणाली. "परवा माझं डोकं दुखत होतं. आज तिनं आठवणीनं विचारलं, 'शोभाताई, डोकं कसं आहे?' तू विचारलंस कधी?"

"तिच्यात सगळं साठवलेलं असतं, आई. बोललेलं सगळं लक्षात ठेवते ती."

"मग तुझ्यात काय साठवलंय? भुसा?"

(माझं नाव भूषण. आईला वाटतं हा विनोद तिला पहिल्यांदाच सुचला. दर वेळी.)

आता माझ्या जखमेवर नीट बोट ठेवू द्या. मी नकलाकार आहे! माझी शाळा हरसूलची. तिथं मी सहावीत भिंतीआडून मुख्याध्यापकांच्या आवाजात "उद्या शाळेला सुट्टी राहील" असं सांगितलं होतं आणि दुसऱ्या दिवशी अर्धी शाळा आली नव्हती. (मी आलो होतो. मला वाटलं कोणी विश्वास ठेवला नसेल. त्यामुळे सापडलोही मीच.) नाशिकरोडला आल्यावर आमच्या गल्लीतला एकही गळा मी सोडला नाही. पण माझ्या नकलेला गल्लीत काय म्हणतात? वात्रटपणा. आणि ह्या सुमनताईच्या नकलेला काय म्हणतात? टेक्नॉलॉजी! तीही नक्कल, मीही नक्कल. तिला टेकायला पिठाचा डबा, मला पाठीत लाटणं!

एकदा मी हॉलमधून हुबेहूब सुमनताईच्या आवाजात म्हणालो, "नमस्कार शोभाताई! आज काय बेत?"

आईनं मान वळवली नाही. "तुझं डोकं फोडायचा बेत आहे. आवाज कसला तो! तिच्या आवाजात गूळ आहे. तुझ्या आवाजात नुसता घसा."

कंपनीत सुपरवायझर रोज माझा अपमान करतो, ते मी चहाबरोबर गिळतो. पण कलेत? कलेत अपमान केलेला मला चालत नाही!

तरी मी गप्प बसलो, कारण माझं एक हक्काचं सिंहासन अजून शाबूत होतं. कुरडयांचा दिवस.

ज्यांच्या घरी कुरडया विकतच्या येतात त्यांच्यासाठी सांगतो. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, त्याचा चीक काढून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी उन्हं यायच्या आत गच्चीवर मोठ्या पातेल्यात शिजवायचा. मग तो गरम असतानाच सोऱ्यात भरून दाबायचा. ह्याला गल्लीतल्या सगळ्या बायका लागतात. आणि मीही लागतो! काठी घेऊन कावळे हाकलायचे आणि गल्लीतल्या प्रत्येकाचा आवाज काढून बायकांना हसवायचं, म्हणजे त्यांचे हात दुखत नाहीत. त्याच्या बदल्यात शिजलेल्या चिकाची पहिली वाटी माझी. वाफाळता चीक, वरून कच्चं तेल, कडेला मीठ. ती वाटी घेऊन मी पाण्याच्या टाकीला टेकून बसतो तेव्हा मला मुख्यमंत्रीपद दिलं तरी मी "थांबा, खाऊन घेतो" म्हणेन.

आणि त्या वर्षीच्या कुरडया तर दीदीच्या लग्नाच्या, रुखवतात मांडायच्या. सासरची मंडळी एकेक कुरडई उचलून बघणार. म्हणजे प्रेक्षकही जास्त आणि वाटीही मोठी!

आदल्या दिवशी संध्याकाळी आई बायकांना बोलावणं करायला निघाली आणि दारातून सहज म्हणाली, "उद्या पहिली वाटी सुमनताईंपुढे ठेवायची हं. सगळं प्रमाण तिनंच सांगितलंय."

"काय? ती खाणार कशानं?"

"देव खातो का? तरी ठेवतोच ना!"

आणि आई गेली. मी तिथेच उभा. माझ्या पोटात जे पेटलं, त्यावर दुसऱ्या दिवशीचं पातेलं शिजलं असतं, गॅसची गरज नव्हती.

मी टॅब उचलला. कॅमेऱ्यावर स्वयंपाकघरातलं फडकं टाकलं, म्हणजे तिला माझी मिशी दिसायला नको. घसा साफ केला आणि आईच्या आवाजात (तो माझा हातखंडा) कॉल लावला. बेत साधा होता. आईच्या नावानं तिला इतकं टाकून बोलायचं की बाई रुसलीच पाहिजे. एकदा रुसली की वाटी माझी.

"काय हो, तुमच्या त्या थालीपिठानं आमचा तवा खराब झाला!"

"अरेरे शोभाताई! तवा कसा साफ करायचा ते सांगू का?"

"आणि साडी काय ती भडक!"

"हो का? तुम्हाला कोणता रंग आवडतो?"

"मला तुमच्याशी बोलायचंच नाही!"

"तुम्ही आज दमलेल्या वाटता, शोभाताई. काय झालं? मोकळेपणानं बोला, मी ऐकतेय."

जिला रुसताच येत नाही तिच्याशी भांडायचं कसं, सांगा! आमच्या नात्यात बायका पंगतीत भजं उशिरा आलं तरी रुसतात. आणि ही म्हणते, मोकळेपणानं बोला. मला! आजपर्यंत मला सगळ्यांनी "बस कर" म्हटलंय. मोकळेपणानं बोल असं कोणी म्हटलंच नव्हतं.

मग मी बोललो.

"काय सांगू हो तुम्हाला! समोरच्या देवरे काकू. बाई सोन्यासारखी, पण कुरडया? तेलात टाकली तरी फुलायचं नाव नाही! गेल्या वर्षीची एक आम्ही दार आपटू नये म्हणून खाली सारून ठेवलीय. वादळ आलं तरी दार हलत नाही!"

सुमनताई हसली. खळखळून! आणि म्हणाली, "बाई गं! मग पुढे?"

नकलाकाराला तुम्ही पैसे देऊ नका, हार घालू नका. फक्त 'मग पुढे?' म्हणा. तो घर विकेल.

"आणि त्या गांगुर्डे आजी! मदतीला येतात, पण मदत सगळी तोंडानं. अर्धा चीक कुरडईत, अर्धा आजीत!"

"काय सांगता! मग पुढे?"

ह्यातलं निम्मं आईचंच, मी घरात ऐकलेलं, आणि निम्मा माझा मसाला. पण काय रंगलो होतो महाराजा! ज्या बाईचा मी दुस्वास करत होतो तिच्यासमोर आयुष्यातला सगळ्यात भारी प्रयोग चालला होता. तेवढ्यात खाली गेटची कडी वाजली.

"बाप रे, आई आली!" मी म्हणालो (तेही आईच्याच आवाजात, सवय!) आणि कॉल तोडून टॅब पिठाच्या डब्याला टेकवला.

सकाळी गच्चीवर सगळं जमलं. देवरे काकू आपला मोठा पितळी सोऱ्या घेऊन आल्या. तो गल्लीत एकच, आणि दाबायचा हातही त्यांच्याइतका कोणाचा बसलेला नाही. काकू सटाण्याकडच्या. एरवी आमच्यासारखंच बोलतात, पण रागावल्या की अहिराणीवर जातात. वरच्या मजल्यावरच्या दोघी जावा आल्या. गांगुर्डे आजी आल्या आणि सावली बघून बसल्या. पप्पांची रात्रपाळी होती, ते अजून यायचे होते.

आईनं टॅब पालथ्या बादलीवर ठेवला, त्यावर छत्री उघडली. चीक शिजला. सगळ्यांच्या देखत आईनं पहिली वाटी भरली, तेल सोडलं, मीठ ठेवलं आणि ती वाटी छत्रीखाली गेली. मला कोणी छत्रीही दिली नव्हती.

"भुश्या, तू टाकीमागं बस. कावळे बघ," आई म्हणाली.

मग निघाली अडचण. लग्नाच्या कुरडयांचा मुहूर्त पाच सवाष्णींनी करायचा. पहिली कुरडई पाच जणींचा हात लागून पडली पाहिजे. आई, देवरे काकू आणि दोघी जावा, म्हणजे चार. पाचव्या उषामावशी, त्यांचा निरोप आला की गुडघा धरलाय, जिना चढवत नाही.

"आता ऐन वेळी कोणाला बोलावू?" आई रडकुंडीला आली. देवरे काकू पातेलं ढवळत म्हणाल्या, "लवकर ठरव शोभा. चीक गार झाला की दगड होतो. मग सोऱ्या फुटेल, पण कुरडई पडायची नाही."

आईची नजर छत्रीखाली गेली.

"सुमनताई आहेत की!"

सगळ्यांनी आजींकडे बघितलं. आजी स्वतः पाचांत बसत नव्हत्या, त्यामुळे पंचाचं काम त्यांच्याकडे.

"कुंकू हाय का तिला?" आजींनी विचारलं.

"आहे की! मंगळसूत्रही आहे, मोठ्या वाट्यांचं."

"पण नवरा हाय का? ते बघाया पायजे."

आईनं टॅबसमोर वाकून अदबीनं विचारलं, "सुमनताई, तुमचे मिस्टर काय करतात हो?"

"शोभाताई, मी सुमनताईंचं एआय रूप आहे. त्यामुळे मला मिस्टर नाहीत."

झालं! मी टाकीमागं मूठ आवळून नाचलो. गेली! बाद! पण आजी कसल्या, त्यांनी दोन मिनिटं डोळे मिटले आणि निकाल दिला, "मूळच्या बाईला नवरा हाय ना? मग झालं तर. देवाचा फोटो पुजतो तर काय फोटोचं लगीन लावतो का? चालतंय!"

आई हळद-कुंकू घेऊन वळली आणि टॅब बंद पडला. दीदी एक्स्टेंशनची वायर आणायला जिन्यावरून धावली. तेवढ्यात खालून शेजारचे कोणीतरी ओरडून विचारत होते, सुरू का नाही झालं अजून, आणि माझी आई, दोन मुलांची आई, बी. ए. पास, गच्चीवरून ओरडून सांगते, "थांबा, पाचवी सवाष्ण चार्जिंगला आहे!"

सवाष्ण उजळली. आईनं तिच्या कपाळाला हळद लावली आणि कुंकवाचं बोट टेकवलं. पण ती बाई बोलताना मान हलवते ना! कुंकू गेलं हनुवटीच्या खाली. आणि हनुवटीच्या खाली एक बटण होतं. 'मागच्या गप्पा'.

"शोभाताई, आपल्या मागच्या गप्पा पुढे सुरू करू या?" सुमनताई गोड हसली.

"हो, करा की! सगळ्यांनाच ऐकू द्या," आई कौतुकानं म्हणाली.

टाकीमागं माझ्या हातातली काठी गळून पडली. लक्षात ठेवते! बोललेलं सगळं लक्षात ठेवते! मीच सांगितलं होतं आईला!

"काल तुम्ही देवरे काकूंच्या कुरडयांबद्दल किती मजेशीर सांगत होतात! ती दाराखाली सारलेली कुरडई अजून आहे का? वादळातही दार हलत नाही म्हणालात!"

देवरे काकूंचा ढवळणारा हात थांबला.

मी जोरात कावळ्याचा आवाज काढला. कोणी बघितलं नाही. मांजराचा काढला. नाही. सुमनताई पुढे निघालेली. "आणि त्या गांगुर्डे आजी, अर्धा चीक कुरडईत, अर्धा आजीत! मी किती हसले!"

आजींच्या हातात त्या वेळी वाटी होती. त्यांनी ती हळूच पदराखाली घेतली.

शेवटचा उपाय म्हणून मी पप्पांचा आवाज लावला. खर्जातला, रात्रपाळीचा. "शोभाऽ! बंद कर तो टॅब आणि खाली ये आधी!"

"मी कधी बोललो?" मागून आवाज आला. जिन्याच्या दारात पप्पा उभे होते, हातात डबा, डोळ्यांत झोप, आणि स्वतःचाच आवाज टाकीमागून ऐकून झालेला चेहरा. पण तिकडे बघायला कोणाला वेळ नव्हता, कारण देवरे काकू उठल्या होत्या आणि त्यांनी सोऱ्या उचलला होता.

"हाई काय शे वं माय? माले बी कान शेतस!" काकू कडाडल्या. (मलाही कान आहेत, असं. आणि 'मनी' म्हणजे माझी.) "दाराखाली सारतेस होय मनी कुरडई? आता तुझ्या पोरीच्या रुखवतात दारच मांड!"

"काकू, देवाशप्पथ मी असं बोलले नाही!" आईचा चेहरा पांढराफटक. "दीपाच्या लग्नाची शपथ! अहो सुमनताई, काहीतरी काय बोलता? मी कधी म्हणाले हे?"

"काल संध्याकाळी, शोभाताई." त्या बाईच्या आवाजातला गूळ तसूभरही कमी झाला नाही. "आणि विचारायचं राहिलंच. तुमच्या आई कशा आहेत आता?"

"माझी आई?" आई दचकली. "माझी आई जाऊन किती वर्षं झाली!"

"अरेरे, ऐकून फार वाईट वाटलं. पण काल बोलता बोलता तुम्ही एकदम म्हणालात, 'बाप रे, आई आली!' आणि कॉल बंद झाला. म्हणून काळजी वाटली."

आधी आजींनी "अगं आई गं!" म्हणून वाटीसकट मागं सरकून घेतलं. "शोभे, तुझी गेलेली आई आली व्हती? टॅबात?"

मग दोघी जावांनी एकमेकींकडे बघितलं. मग दीदीनं कपाळाला हात लावला. मग पप्पा म्हणाले, "माझाही आवाज आत्ता त्या टाकीमागून आला." आणि मग, एकापाठोपाठ एक, सगळ्या माना टाकीकडे वळल्या. आईची सगळ्यात शेवटी. हळू.

मी बाहेर आलो. नाही, मी म्हणतोय 'आलो'. खरं म्हणजे कान आधी आला, आईच्या हातात. मागून बाकीचा मी.

देवरे काकूंनी सोऱ्या माझ्या पोटाशी टेकवला. चांगला चार विटांच्या वजनाचा. "मनी कुरडई फुलत नाही ना? चल. तू फुलव. मुहूर्ताची पहिली आम्ही पाडतो, मग सगळं पातेलं तुझं."

मुहूर्त झाला. चौघींनी सोऱ्याला हात लावला, पाचवीला टॅबसकट उचलून सोऱ्याला टेकवलं, आजी "हां, लागला हात" म्हणाल्या आणि पहिली कुरडई पडली. मग उरलेलं पातेलं आणि मी. ऊन चढत होतं, चीक घट्ट होत होता. सोऱ्या पोटाला लावून मी असा दाबत होतो की चिकाआधी माझेच डोळे बाहेर पडतील. बायका छत्रीच्या बाजूला वाट्या घेऊन गोलात बसल्या, मधोमध सुमनताई. आणि ती मला शिकवतेय!

"भूषणदादा, मनगटातून जोर लावा. हां! थोडं गोल. नाही, ही थोडी चपटी झाली."

"थोडी?" देवरे काकू खदखदून हसल्या. "अहो ताई, ही तर दाराखाली सारायलाच झाली!"

"बाई गं! मग पुढे?" सुमनताई म्हणाली. आणि काकूंनी पुढे सांगितलं. माझंच! शाळेची सुट्टी, कंपनीतला सुपरवायझर, सगळं, माझा आवाज काढून! गच्चीवर हशा पिकला. माझ्याच सिंहासनावर, माझ्याच नकलेवर, माझाच प्रेक्षक!

दुपारी सगळ्या गेल्या. जाताना काकू सोऱ्या इथेच ठेवून गेल्या, म्हणजे राग गेला होता. मी गच्चीवर आडवा. आई आली, कमरेवर हात.

"लाज नाही वाटली? लग्नघर आहे हे! माझ्या तोंडानं बोलतोस? चार बायकांत माझं तोंड काळं झालं असतं! आणि काकूंची कुरडई दाराखाली सारली, असं मी म्हणाले होते का रे कधी?"

"नाही."

"मी फक्त 'वातड' म्हणाले होते!" आईनं जिन्याकडे बघून आवाज खाली आणला. मग पुन्हा चढवला. "बाईला मशीन मशीन म्हणून हिणवतोस. त्या मशीननं माझ्या नसलेल्या आईची चौकशी केली! आणि तू? तुझी आई जिवंत आहे. पहाटेपासून उभी आहे. पोरगी चाललीय म्हणून आतून कशी झालीय. एकदा तरी विचारलंस, आई, बरी आहेस का?"

मी उठून बसलो. लगेच सुमनताईच्या आवाजात, एकदम गूळ घालून म्हणालो, "शोभाताई, बऱ्या आहात ना?"

"तिच्या नको! तुझ्या आवाजात विचार!"

आता आली पंचाईत. स्वतःचा आवाज काढायची मला सवयच नाही! मी घसा साफ केला. इकडे तिकडे बघितलं. छत्रीखालची ती पहिली वाटी अजून तशीच होती, चीक आटून रबर झालेला. तिच्याकडे बघत हळूच विचारलं, "आई, बरी आहेस ना गं?"

आई माझ्याकडे निरखून बघत राहिली. डोळे भरल्यासारखे वाटले, आणि मला वाटलं, जिंकलो! गेली ती सुमनताई, मिळाली माझी जागा परत!

मग आईच्या कपाळाला आठी पडली.

"हा कोणाचा आवाज काढलास रे? माझा भुश्या असा बोलत नाही! अजून थट्टा सुचतेय होय तुला? ऊठ, तो सोऱ्या घास आधी! चीक वाळून बसलाय त्याच्यात!"